लेकीच्या सर्जरीच्या परीक्षेला पुस्तकं किती?

आपल्या गावांतल्या मुलीही आता डॉक्टरकी शिकू लागल्या आहेत. कोणाची लेक यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे, कोणाची नागपूरला. शेवटच्या वर्षी तिचा फोन येतो, "आई, सर्जरीची परीक्षा आहे. पुस्तकं घ्यायचीत, मोबाईलवरच्या ॲपचे पैसे भरायचेत." मग आई गटाकडे कर्ज मागते. हा पैसा कशाला लागतो आणि कशाला लागत नाही, हे आज आपण समजून घेऊ.

सर्जरी म्हणजे शस्त्रक्रियेचा विषय. परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. दोन लेखी पेपर असतात. मग प्रात्यक्षिक असतं. त्यात खऱ्या रुग्णाला विचारायचं, तपासायचं आणि परीक्षकांना तोंडी उत्तरं द्यायची. जशी परीक्षा, तशी तयारी.

लेखी पेपरसाठी एक मोठं पुस्तक पुरतं. 'बेली अँड लव्ह' हे 1932 साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा निघालेलं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं. आपल्याकडची बरीच मुलं मंगळूरच्या डॉ. श्रीराम भट यांचं 'एसआरबी' वापरतात, कारण त्यात परीक्षेत लिहिता येतील अशी मुद्देसूद उत्तरं असतात. दोन्हींपैकी एक घ्यावं. दुसरं लागलं तर ग्रंथालयात आहे.

प्रात्यक्षिकासाठी दुसरं पुस्तक लागतं. कोलकात्याच्या डॉ. एस. दास यांचं तपासणीवरचं पुस्तक त्यासाठी प्रसिद्ध आहे. गाठ, जखम, हर्निया कसा तपासायचा हे त्यात सांगितलंय. हे पुस्तक सीनियरकडून जुनं घेतलं तरी चालतं. हर्निया खोकल्यावर फुगतो, हे काही वर्षावर्षाला बदलत नाही. उपचार मात्र बदलतात, म्हणून ते नव्या आवृत्तीतून वाचावेत.

आता ॲप. वर्गणी काही हजारांत जाते. ही ॲप मुख्यतः पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी, म्हणजे नीट-पीजीसाठी असतात. तिथे चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. विद्यापीठाच्या पेपरात मात्र पानभर उत्तर लिहावं लागतं. म्हणून लेकीला विचारा, "हे कोणत्या परीक्षेसाठी गं?" पुढच्या परीक्षेसाठी असेल, तर गटाचं कर्ज आत्ताच कशाला उचलायचं? आणि विद्यापीठाच्या मागच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या का, हेही विचारा. त्या ग्रंथालयात किंवा सीनियरकडे मिळतात, पैसे पडत नाहीत.

कृषी केंद्रात दहा औषधं दाखवतात म्हणून आपण दहाही फवारत नाही. पुस्तकांचंही तसंच. परीक्षा तोंडावर असताना पाच पुस्तकं अर्धी वाचण्यापेक्षा एक दोनदा वाचलेलं बरं.

सगळ्यात मोठं पुस्तक मात्र विकत मिळत नाही. ते वॉर्डात खाटेवर असतं. आपल्या जिल्ह्यातून तिथे कोण येतं? मधुमेहानं पायाला जखम झालेला, खर्र्यानं तोंड उघडेनासं झालेला, छातीत गाठ असलेली. कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी गोरमाटी, कोणी कोलामी. गाठ कधीपासून, वाढते का, दुखते का, हे त्यांच्या बोलीत विचारता येणं ही आपल्या लेकीची मोठी पुंजी आहे. तिला सांगा, रोज एका रुग्णाजवळ बस, पूर्ण विचार, मग तेच पुस्तकात वाच.

आणि मैत्रिणींनो, त्या खाटेवर उद्या आपणही असू शकतो. शिकणारी मुलं विचारायला आली तर नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे. तपासताना जवळ बाई हवी, पडदा हवा, असं सांगायचाही आहे. पण हो म्हटलं, तर काही लपवू नका. खर्रा खाता का, गाठ किती दिवस अंगावर काढली, खरं सांगा. आज तुमच्याकडून नीट शिकलेली मुलगी उद्या कोणत्या तरी गावात दुसऱ्या बाईची गाठ वेळेत ओळखेल.

तेव्हा पुढच्या बैठकीत असं कर्ज आलं, तर एवढंच विचारा: कोणती परीक्षा, कोणतं एक पुस्तक, आणि वॉर्डात रोज जाते ना?