चाळीस दिवस, चाळीस ओव्या

राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळायचे. उरतात ते उपवासकाळाचे ४० दिवस. या दिवसांत काय सोडायचं ते आपण चटकन ठरवतो: मटण, गोडधोड, मोबाईल. मी सोबत एक गोष्ट धरते. रोज एक ओवी लिहायची.

ही वाट आपल्या गोव्यातलीच. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, ते ओवीतच रचलेलं.

रीत सोपी आहे. सकाळी शुभवर्तमानातला छोटा उतारा वाचायचा, त्यातला एक शब्द दिवसभर मनात घोळवायचा आणि रात्री चार चरण लिहायचे. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. पाल्हाळाला जागाच नाही. हाही एक उपवासच, शब्दांचा.

घरी बाबा सध्या अंथरुणाला खिळलेत. लांबलचक प्रार्थना ओठांवर येत नाही, पण चार ओळी होतात. त्या मी त्यांना वाचून दाखवते. यमक जुळलं नाही तरी ते ऐकतात. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडायची. तुम्हीही करून बघा.