जवळच्या कार्यक्रमांची यादी

सायंकाळीं आसपास कोठें गाणें आहे, कोठें नाटक आहे, हें मोबाइलला विचारण्याची संवय आतां अनेकांना जडली आहे. मोबाइल आपलें स्थान सर्व्हरला कळवितो, सर्व्हर यादी धाडतो आणि ती पडद्यावर उमटते. वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवहारांत प्रोग्रॅम लिहिणाराला कांहीं गोष्टींची दक्षता घ्यावी लागते.

पहिली गोष्ट प्रतीक्षेची. अँड्रॉइड प्रणालींत पडदा रंगविणें आणि बोटाचा स्पर्श ओळखणें हीं कामें एकाच मुख्य थ्रेडकडे असतात. दुकानाच्या गल्ल्यावरचा एकटा माणूस माल आणावयास गोदामांत गेला, तर गिऱ्हाईक दारांतच खोळंबतें. तसेंच येथें होतें. स्पर्शाला ५ सेकंदांत दाद मिळाली नाहीं, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. म्हणून २०११ सालच्या अँड्रॉइड ३.० पासून मुख्य थ्रेडवर इंटरनेटशीं संपर्क साधूं पाहणारा प्रोग्रॅम तेथेंच अडविला जातो. विनंती पार्श्वभूमींतील थ्रेडनें न्यावयाची आणि तयार यादी तेवढी मुख्य थ्रेडच्या हातीं द्यावयाची, हा नियम होय. या कामाचें असिंकटास्क हें जुनें साधन २०२० मध्यें अँड्रॉइड ११ बरोबर त्याज्य ठरलें. त्याच्या जागीं कोटलिन भाषेंतील कोरूटीन वापरतात.

दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. उत्तरें विनंत्यांच्या क्रमानेंच येतील असा भरंवसा नसतो. एखाद्यानें आधीं पुणें निवडलें व लगेच मन बदलून मुंबई निवडली, तर मुंबईची यादी आधीं येऊन मागाहून पुण्याची यादी तिच्यावर बसूं शकते. मग मथळा मुंबईचा, नाटक पुण्याचें; तिकिटाचे पैसेहि गेले आणि सायंकाळहि गेली! यास्तव नवी विनंती निघतांच जुनी रद्द करावी. शिवाय प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाचेंच उत्तर स्वीकारावें.

तिसरी गोष्ट काटकसरीची. माणूस जागेवर उभा असतांहि उपग्रहांवरून काढलेलें स्थान कांहीं मीटर इकडेतिकडे सरकतें. प्रत्येक वेळीं नवी विनंती धाडणें व्यर्थ होय. अक्षांशाचा ०.०१ अंश म्हणजे सुमारें १.१ किलोमीटर, तेव्हां दोन दशांश स्थळांपर्यंतचेंच स्थान पाठविलें, तर विनंत्या वांचतात आणि माणसाचें नेमकें घरहि सर्व्हरला कळत नाहीं.

शेवटीं एक भेद पाळलाच पाहिजे. रिकामी यादी हें उत्तर आहे, तुटलेला संपर्क हें उत्तर नव्हे. संपर्क तुटला असतां "कार्यक्रम नाहीं" असें सांगणारा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला विनाकारण घरीं बसवितो.