कचऱ्याचे पाणी आणि जंतूंची कामगिरी

शीर्षक वाचून कोणी नाक मुरडू नये. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. पण आपण टाकलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न काही एकट्या विज्ञानशाखेचा नव्हे.

कचरा डेपोवर पाऊस पडला की पाणी ढिगातून झिरपते आणि काळपट अर्क होऊन तळाशी उतरते. त्यात खरकट्यातल्या प्रथिनांपासून झालेला अमोनिया असतो. ढिगाच्या पोटात हवा नसते, म्हणून तो तसाच राहतो. बाकीची घाण कुजून कमी होते. अमोनिया मात्र डेपो बंद झाल्यावरही कित्येक दशके पाझरतो. लिटरमागे हजार मिलिग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्त! असे पाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मासे याहून कमी अमोनियानेही मरतात, ही गोष्ट वेगळी.

यावरचा उपाय जमिनीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व खडूने भरलेल्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ दिली, काम ठप्प! पुढे बागेतली माती कालवलेले पाणी घालताच ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे ही किमया रसायनाची नसून जिवंत जंतूंची होती.

आजच्या टाक्यांतही तेच चालते. पहिल्या टाकीत हवा फुंकतात. तिथे काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट. पुढच्या टाकीत हवा बंद. तिथले जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि निरुपद्रवी नायट्रोजन वायू हवेत सोडतात.

पण खर्च पाहा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे विजेचे बिल आलेच. शिवाय दुसऱ्या टाकीतल्या जंतूंना सेंद्रिय अन्न हवे. जुन्या डेपोच्या पाण्यात नेमके तेच संपलेले असते. मग मिथेनॉल विकत आणून घालावे लागते. कचऱ्याचे पाणी साफ करायला वर खुराक!

हा खुराक न मागणारे जंतू १९९० च्या दशकात हॉलंडमध्ये डेल्फ्ट येथे सापडले. ते अमोनिया आणि नायट्राइट यांची गाठ घालून थेट नायट्रोजन वायू करतात. त्यामुळे हवाही कमी लागते. त्यांना 'अनॅमॉक्स' म्हणतात. मात्र त्यांची वाढ फार संथ. रॉटरडॅमला मैलापाण्याच्या गाळातून निघणाऱ्या पाण्यासाठी त्यांची पहिली मोठी टाकी २००२ साली सुरू केली. ती पूर्ण क्षमतेने चालायला सुमारे साडेतीन वर्षे लागली.