बळी तो कान पिळी?

स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शर्यत येते. एक जिंकतो, बाकीचे हरतात आणि मैदान रिकामं होतं. निसर्गातली स्पर्धा अशी संपत नाही. कोण कुठे राहणार, याची वाटणी ती करून ठेवते, आणि ती वाटणी वर्षानुवर्षं टिकते. मी शास्त्राचा माणूस नाही, कविता लिहितो. पण या विषयातले दोन प्रयोग माझ्या मनात घर करून बसले आहेत. तेच आज सांगतो.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर पांढरट, धारदार कवचांचे ठिपके दिसतात. पाय पडला तर कापतो. हे बार्नॅकल. दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने कोळंबी-खेकड्यांचे. एकदा खडकाला चिकटले की जन्मभर तिथेच. म्हणजे भांडण फक्त जागेचं.

स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर या बार्नॅकलच्या दोन जाती राहतात. खडकाच्या वरच्या पट्ट्यात लहानखुरी थॅमॅलस, खाली दांडगी बॅलॅनस. गंमत अशी, की थॅमॅलसची पिल्लं खालीही येऊन चिकटतात. मोठी मात्र तिथे दिसत नाहीत. का? जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने थॅमॅलस चिकटलेले दगड खाली नेऊन ठेवले आणि प्रत्येक दगडाच्या अर्ध्या भागावरून बॅलॅनस काढून टाकली. त्या भागात थॅमॅलस चांगली जगली. उरलेल्या अर्ध्यात बॅलॅनस तिच्या अंगावर चढली, खालून तिला उचकटलं, बाजूने चिरडलं. मग बॅलॅनस वरचा पट्टा का घेत नाही? ओहोटीच्या कोरड्या तासांत ती तिथे सुकून मरते. थॅमॅलसची खालची सीमा शेजाऱ्याने आखली, बॅलॅनसची वरची सीमा उन्हावाऱ्याने. हा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचा. रॉबर्ट पेन यांनी खडकाच्या एका तुकड्यावरून तारामासे उचलून समुद्रात फेकले, आणि हे काम चालूच ठेवलं. तारामासा हा शिंपल्यांचा कर्दनकाळ. तो गेल्यावर शिंपल्यांनी हळूहळू सारी जागा बळकावली. १५ जातींचा तो शेजार ८ जातींवर आला. १९६६ साली पेन यांनी हे मांडलं. पुढे अशा प्राण्याला त्यांनी कमानीच्या माथ्यावरच्या दगडाची उपमा दिली. तो निसटला की कमान ढासळते.

इथे एक सावधगिरी हवी. दोन जाती वेगळ्या राहतात म्हणजे पूर्वी कधी तरी त्या भांडल्याच असतील, असं म्हणणं सोपं आहे. खुद्द कॉनेल यांनीच १९८० साली याला ‘गतस्पर्धेचं भूत’ म्हटलं आणि पुरावा मागितला. भूत सगळीकडे दिसतं, सिद्ध करणं कठीण.

‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचाच कायदा आहे, असं आपल्याला अनेकदा ऐकवलं जातं; बहुधा कान पिळणाराच ऐकवतो. खडकाची साक्ष अर्धीच त्याच्या बाजूची आहे. दांडगा दुबळ्याला हटवतो, हे खरं. पण दांडग्यालाही सीमा असते, आणि त्या सीमेपलीकडे दुबळा निवांत नांदतो. जिथे दांडग्याला आवरणारं कुणी उरत नाही, तिथे पंधरातले सात शेजारी नाहीसे होतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)