काचपट्टीवर उमटणारा जुना विषाणू

मायक्रोटोमच्या पात्यावरून मेणाची फीत सरकत बाहेर यायला लागली, की तंत्रज्ञ बाई बोलायच्या थांबतात. मेणाचा ठोकळा आधी बर्फावर गार केलेला असतो आणि त्यात स्तनातल्या गाठीचा बारीकसा तुकडा. एकेक काप 3-4 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतका. जोरात श्वास सोडला तरी फीत उडते. ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या निघाल्या की काचपट्टीवर झेलायची. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी हे पाहत उभी होते. "घडी राहिली तर तिच्यात रंग साचतो, ताई," काप काचेवर बसल्यावर त्या म्हणाल्या, "मग डॉक्टरांना नको तिथे गडद दिसतं."

पुढची पायरी मला सगळ्यांत विलक्षण वाटली. फॉर्मलिनमुळे ऊती टिकते, पण तिच्यातली प्रथिनं एकमेकांत जखडून जातात आणि ज्या खुणा शोधायच्या त्याच झाकल्या जातात. त्यासाठी काचपट्ट्या सायट्रेटच्या द्रावणात चांगल्या तापवतात. मग नेमक्या एका प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं वर सोडतात, त्यांच्यावर विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडं, आणि शेवटी रंगद्रव्य. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग धरतो. पेशींची केंद्रकं निळी दिसावीत म्हणून हिमॅटॉक्सिलिन. रोजच्या कामात या रीतीने तीन खुणा पाहतात: इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (पीआर) आणि हर-टू.

मी तिथे गेले होते ती चौथ्या एका खुणेच्या ओढीने. ती रोजच्या तपासणीत नाही, पण संशोधक ती याच पद्धतीने शोधतात: एका जुन्या विषाणूचं प्रथिन. आपल्या डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचा आहे. लाखो ते कोट्यवधी वर्षांपूर्वी हे विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले, गुणसूत्रांत रुतले आणि आईबापांकडून मुलांकडे येत राहिले. त्यांतले बहुतेक मोडकळीला आलेत. 'हर्व्ह-के' हा गट त्या मानाने तरुण. त्याच्या काही प्रतींमध्ये प्रथिन बनवण्याची ताकद अजून शाबूत आहे. निरोगी पेशी त्यांच्यावर रासायनिक शिक्के मारून त्यांना गप्प ठेवते. कर्करोगात हे शिक्के पुसट होतात. शिवाय स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनमुळेही ही जनुकं चेतू शकतात.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात संशोधक फेंग वांग-जोहानिंग यांनी अनेक वर्षं हर्व्ह-केच्या प्रथिनाचा पाठपुरावा केला. त्यांच्या गटाच्या 2012 च्या निबंधात स्तनाच्या 223 गाठींपैकी 148 मध्ये हर्व्ह-केचं आवरण-प्रथिन सापडलं. ज्या गाठींत ते होतं, त्यांत काखेतल्या लसीका-ग्रंथींपर्यंत रोग पोचण्याचं प्रमाणही जास्त होतं. 2014 मध्ये याच गटाने रक्तातल्या खुणांकडे लक्ष वेधलं: अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या रक्तातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली आढळली.

स्तनाचा कर्करोग आणि विषाणू यांचा संबंध शोधण्याच्या कथेत मुंबईचीही एक जागा आहे. 1936 मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं, की उंदरांत स्तनाच्या कर्करोगाचं कारण आईच्या दुधातून पिलांकडे जातं. ते कारण म्हणजे उंदरांतला एक विषाणू, हे पुढे कळलं. माणसातही तसं काही असेल का, हे तपासताना 1971 मध्ये डॅन मूर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या समाजात या रोगाचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांची निवड. नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले आणि जगभर खळबळ उडाली. पण तो विषाणू माणसातल्या रोगाचं कारण आहे, हे काही सिद्ध झालं नाही. मला ही आठवण फार मोलाची वाटते. कण दिसणं आणि कारण सापडणं यांत किती अंतर असतं, हे त्या शोधाने फार पूर्वी दाखवून दिलं आहे.

हर्व्ह-केबाबतही तेच अंतर आहे. हा जुना विषाणू गाठ घडवतो, की बिघडलेल्या पेशीत नुसता जागा होतो? त्याच्या जनुकांच्या कितीतरी प्रती आपल्यात विखुरलेल्या आहेत आणि त्या एकमेकींसारख्याच आहेत. कोणती प्रत बोलते आहे हे ओळखणं अवघड. म्हणून लॅबमध्ये मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती प्रत्येक फेरीतली जास्तीची काचपट्टी, कंट्रोलची. खूण आहे हे आधीच माहीत असलेली ऊती तपकिरी व्हायला हवी आणि खूण नसलेली निळीच राहायला हवी. तसं झालं नाही, तर त्या दिवसाचं सगळं काम पुन्हा. बाईंनी कंट्रोल आधी दिव्यासमोर धरली, मगच रुग्णांच्या काचपट्ट्यांना हात लावला.

माझं स्पष्ट मत असं, की खूण खरी कामाची ठरते ती तिच्यावरून उपचार बदलतो तेव्हा. हर-टू त्या पायरीवर पोचली, कारण ती दिसल्यास देता येईल असं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, 1998 पासून उपलब्ध आहे. हर्व्ह-केच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उंदरांतल्या गाठींची वाढ रोखली आहे, आणि या वाटेवर पैसा आणि माणसं लावायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं. पण आज रुग्णाचा उपचार या खुणेवरून ठरत नाही. तेव्हा विषाणूच्या जनुकांची तपासणी करून घ्या असं कुणी सांगितलं, तर त्यावर पैसे खर्च करू नका. स्तनात गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि बायोप्सीत कर्करोग निघाला, तर अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू हे तिन्ही निकाल आहेत ना, हे जरूर विचारा.