मिश्र एककांतील घनफळ

मिश्र एककांतील घनफळ म्हणजे ज्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची (किंवा खोली) वेगवेगळ्या एककांत दिलेली आहे, अशा वस्तूने व्यापलेल्या जागेचे मापन. पाण्याची टाकी, वाळूचा ट्रक, शेततळे, छतावर पडणारा पाऊस आणि धरणातील साठा यांच्या हिशेबात असा प्रसंग नेहमी येतो. सर्व मापे एकाच एककात आणल्याशिवाय गुणाकाराला नेहमीचा अर्थ येत नाही, हे या गणिताचे मूळ तत्त्व होय. पात्रात मावणाऱ्या द्रवाच्या मापाला धारकता म्हणतात. ती बहुधा लिटरमध्ये सांगतात.

पार्श्वभूमी

वजने व मापे मानके अधिनियम, १९५६ अन्वये भारताने दशमान पद्धती स्वीकारली. तरीही बांधकामात फूट व इंच, वाळू-खडीच्या व्यवहारात ब्रास, शेतजमिनीसाठी एकर व गुंठा आणि पाटबंधाऱ्यांच्या भाषेत टीएमसी व क्युसेक ही एकके टिकून राहिली. पाऊस मात्र मिलिमीटरमध्ये आणि टँकरचे पाणी लिटरमध्ये मोजले जाते. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील सोलापूर जिल्ह्यात ही सर्व एकके एकाच पाण्याच्या हिशेबात एकत्र येतात.

रूपांतराची प्रमाणे

• १ फूट = १२ इंच = ०.३०४८ मीटर
• १ घनमीटर = १,००० लिटर = सुमारे ३५.३१ घनफूट
• १ घनफूट = १,७२८ घनइंच = सुमारे २८.३२ लिटर
• १ ब्रास = १०० घनफूट = सुमारे २.८३ घनमीटर
• १ टीएमसी = १०० कोटी घनफूट = सुमारे २,८३२ कोटी लिटर

लांबीचे प्रमाण घनफळाला तसेच लागू होत नाही; त्याचा घन करावा लागतो. एका फुटात १२ इंच असले, तरी एका घनफुटात १२ × १२ × १२ म्हणजे १,७२८ घनइंच असतात. त्याचप्रमाणे एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असले, तरी एका घनमीटरमध्ये १० लाख घनसेंटिमीटर भरतात.

पाण्याची टाकी

एक टाकी आतून ६ फूट लांब, ४ फूट रुंद व ९० सेंटिमीटर खोल आहे. तिची धारकता काढताना ६ × ४ × ९० = २,१६० असा गुणाकार करून उत्तरापुढे ‘लिटर’ लिहिले जाण्याचा संभव असतो. हा आकडा खऱ्या उत्तराच्या जवळपास असल्याने चूक सहज लक्षात येत नाही. वस्तुतः या २,१६० चे एकक ‘चौरस फूट-सेंटिमीटर’ असे आहे. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर. म्हणून अशा प्रत्येक एककात ९२९ घनसेंटिमीटर, म्हणजे ०.९२९ लिटर पाणी मावते.

योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे. ६ फूट = १.८२८८ मीटर, ४ फूट = १.२१९२ मीटर आणि ९० सेंटिमीटर = ०.९ मीटर. त्यांचा गुणाकार सुमारे २.००७ घनमीटर येतो. म्हणजे टाकीत सुमारे २,००७ लिटर पाणी मावते. २,१६० × ०.९२९ हा गुणाकारही याच उत्तराशी येऊन मिळतो.

वाळू आणि ब्रास

ट्रकच्या हौद्यात १४ फूट लांब व ७ फूट रुंद जागेत वाळू सपाट करून २ फूट ६ इंच उंचीपर्यंत भरली आहे. ६ इंच म्हणजे अर्धा फूट असल्याने उंची २.५ फूट धरावी लागते. १४ × ७ × २.५ = २४५ घनफूट, म्हणजे २.४५ ब्रास वाळू होते. उंची चुकून २.६ फूट लिहिल्यास उत्तर सुमारे २.५५ ब्रास येते आणि ग्राहकाला न मिळालेल्या एक दशांश ब्रासचे पैसे द्यावे लागतात. गिलावा व फरशीच्या कामात मात्र ‘ब्रास’ हे १०० चौरस फुटांचे, म्हणजे क्षेत्रफळाचे एकक असते.

पाऊस

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमते. १,००० चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९२.९ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे २,३२३ लिटर पाणी पडते. म्हणजे वरील टाकी भरूनही काही पाणी उरते. एक एकर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी होय.

शेततळे

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील ३० × ३० × ३ मीटर हे परिचित आकारमान आहे. सरळ गुणाकाराने २,७०० घनमीटर येतात. परंतु तळ्याच्या बाजू उभ्या नसून उतरत्या असतात. उतार १:१ असल्यास तळ २४ × २४ मीटर आणि मध्यावरील छेद २७ × २७ मीटर होतो. वरचे क्षेत्रफळ, मधल्या क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचे क्षेत्रफळ यांच्या बेरजेला खोलीने गुणून ६ ने भागतात:

(९०० + ४ × ७२९ + ५७६) × ३ ÷ ६ = २,१९६ घनमीटर

म्हणजेच काठोकाठ भरल्यास २१ लाख ९६ हजार लिटर. उतार विसरल्यास ५ लाख ४ हजार लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरच्या पन्नास टँकरांचा, फरक पडतो. फळबागेचे उन्हाळी नियोजन करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

उजनी धरणाचा साठा

भीमा नदीवरील उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे सुमारे ३,३२० दशलक्ष घनमीटर आहे. त्यांपैकी सुमारे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा व सुमारे ६३.६६ टीएमसी मृत साठा आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जात असल्याने पाणी मृत साठ्यात उतरले, की ती उणे होते. ‘उणे २० टक्के’ याचा अर्थ मृत साठ्यातून ५३.५७ च्या २० टक्के, म्हणजे सुमारे १०.७१ टीएमसी पाणी कमी झाले असून सुमारे ५२.९५ टीएमसी शिल्लक आहे.

क्युसेक हे साठ्याचे नव्हे, तर प्रवाहाचे एकक आहे. सेकंदाला १ घनफूट म्हणजे १ क्युसेक. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून १०,००० क्युसेकचा विसर्ग २४ तास चालल्यास ८६.४ कोटी घनफूट, म्हणजे ०.८६४ टीएमसी पाणी सोडले जाते.

माणशी रोज १३५ लिटर धरल्यास दहा लाख वस्तीच्या शहराला दिवसाला १३.५ कोटी लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने १ टीएमसी पाणी सुमारे २१० दिवस पुरेल. मात्र नदीपात्रातून बंधाऱ्यापर्यंत पाणी आणताना मुरणे व बाष्पीभवन यांमुळे घट होते. त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच अधिक पाणी सोडावे लागते.

उत्तराचा पडताळा

गुणाकारापूर्वी प्रत्येक मापापुढे त्याचे एकक लिहावे. मिळालेले घनफळ दुसऱ्या पद्धतीने, उदाहरणार्थ आधी घनफुटांत काढून नंतर लिटरमध्ये बदलून, तपासता येते. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर प्रथम रूपांतराचे प्रमाण पाहावे. ७२ घनफुटांना ०.३०४८ ने गुणल्यास जवळपास २२ ‘घनमीटर’ येतात. योग्य उत्तर मात्र सुमारे २.०४ घनमीटर आहे. घनफळाला लांबीचे प्रमाण लावल्याने उत्तर जवळजवळ अकरा पट फुगते.