ताठरतेची तक्रार : रक्तवाहिन्यांनी दिलेली पूर्वसूचना

लैंगिक संबंधाच्या वेळी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि हे एखाद्या वेळी नव्हे तर काही महिने सतत घडणे, याला वैद्यकशास्त्रात लिंगताठरतेचा दोष म्हणतात. बोलीत मात्र त्याला ‘कमजोरी’ हा शब्द चिकटला असून त्या एका शब्दाने शरीराची व्याधी पुरुषाच्या अब्रूची बाब होऊन बसली आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावात औषधाच्या दुकानात शेजारी उभा असलेला माणूस बहुधा ओळखीचा किंवा सोयऱ्याधायऱ्यांपैकीच निघतो, त्यामुळे ही तक्रार वर्षानुवर्षे बायकोपाशीही बोलली जात नाही.

या मौनाची किंमत किती मोठी असते, हे ताठरता कशी येते ते पाहिले म्हणजे कळते. मेंदूकडून संदेश येताच मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हे रसायन स्रवते, त्याने तेथील स्नायू सैल पडतात आणि स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरते. म्हणजे ताठरता हे मुळात रक्तपुरवठ्याचे काम आहे. शिश्नाच्या रोहिण्या सुमारे 1 ते 2 मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटर असतात, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखू यांमुळे अस्तर बिघडून चरबीचे थर साचू लागले की अरुंद वाहिनी आधी अडते. म्हणूनच अनेक रुग्णांत ही तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांपूर्वी साधारण 2 ते 5 वर्षे दिसते. छातीत कळ येण्याआधी मिळालेली ही सूचना लाजेपायी वाया जावी, याइतके दुर्दैव नाही.

प्रत्येक तक्रारीमागे हृदयच असते असे नाही. चिंता, नैराश्य, दारू, काही औषधे आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची कमतरता हीही कारणे असतात, आणि पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का, हा डॉक्टरांचा साधा प्रश्न त्यांतील भेद ओळखायला मदत करतो. ती नेहमीप्रमाणे येत असेल तर कारण मानसिक असण्याचा संभव वाढतो. हस्तमैथुनाने शक्ती जाते ही समजूत मात्र निराधार आहे. अशाच खासगी प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर 1934 साली खटला चालला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्न विचारण्याचा हक्क मराठी वाचकाला इतक्या कष्टाने मिळालेला आहे.

तो न वापरणारा माणूस जाहिरातीच्या हाती सापडतो. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, तरी भिंतीवरचा मजकूर पुसला जात नाही. अशा ‘जडीबुटी’च्या पुड्यांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध गुपचूप मिसळल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे, आणि छातीदुखीसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवणाऱ्या रुग्णाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीवही जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टरांनी तपासून दिले तर बहुतेकांना उपयोगी पडते.

पहिल्या भेटीत रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी, आणि गरजेनुसार सकाळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन एवढ्या तपासण्या पुरतात. त्यांपैकी साखर व रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आहे. डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर ‘संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही’ एवढे एकच वाक्य बोलावे. पुढचे प्रश्न तेच विचारतील.